उजव्या बाजूचं दार

किस्से कुणी जमवत न्हाई. गाडीच्या सीटखाली धूळ बसते तसे ते बसतात. झटकायला गेलं की ठसका लागतो, म्हणून माणूस बसू देतो. माझ्या सीटखाली तर निस्त्या दाराच्याच गोष्टी निघतील. लोक विचारतात, तात्या, लातुरात इतकी वर्षं टॅक्सी चालवली, कुठं कुठं गेलास ते सांग की. कुठं गेलो ते रस्त्याला माहीत. गाडी चालताना काही घडत न्हाई. जे घडतं ते गाडी उभी केल्यावर, अन् उतरणाऱ्यानं मागं न बघता दार उघडल्यावर.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आधी एका सहीसाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं; आता सही करणारे साहेब लोक इथंच येऊन बसले. पाऊस तेवढा आला न्हाई. एसटी स्टँडबाहेर आमच्या अँबेसेडर ओळीनं उभ्या राहायच्या, अन् त्यांना घासून दिवसभर सायकली जायच्या, मागं घागरी बांधलेल्या. गाडी लागते रस्त्याच्या डाव्या कडेला. म्हणजे डावं दार गटाराकडं उघडतं अन् उजवं दार वाहत्या रस्त्यात. आता मला सांगा, कोणता मोठा माणूस गटाराकडं उतरतो?

आमच्यात हनीफ सगळ्यात तरणा. त्याच्या अब्बाचा टांगा होता. कडबा मिळेना म्हणून घोडं विकलं, अन् पोरानं ड्रायव्हिंगचं लायसन काढलं. घरातली सगळी तोंडं त्या एका लायसनवर. ते लायसन एका दारापायी जायला आलं होतं. मी मधेच इकडं तिकडं भटकीन, पण गोष्ट त्याची हाय.

*

हनीफ चालवायचा ती गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे डाळमिलवाले. कपाळाला भस्म, पांढरं धोतर, बोलणं मोजून. एकदा स्वतःच्याच गाडीतनं स्टँडवर आले अन् उतरायला उजवं दार उघडलं. एक म्हातारा सायकलसकट दारावर आदळला. सायकल एकीकडं, घागरी एकीकडं.

आप्पा घाबरले. "लागलं का हो?"

म्हातारा पालथा पडलेला, पण नजर घागरीवर. "माझं राहू द्या. आधी पाणी उचला."

पाणी काय उचलणार? मातीनं केव्हाच पिऊन टाकलं होतं. आप्पांनी बंडीच्या खिशात हात घातला. म्हातारा म्हणाला, "पैसे पिऊ का मी?"

आमच्या स्टँडचा कायदा त्या दिवशी झाला. ज्यानं दार उघडलं त्यानं घागर भरून द्यायची, अन् तीही रांगेत उभं राहून. आप्पा माणूस सरळ. धोतराचा काचा मारला अन् हापशावर बायांच्या मागं जाऊन उभे राहिले. एकजण पुढं जा म्हणंल तर शपथ. "तुमच्या मिलवर आम्ही न्हाई का उभं राहत, आप्पा?"

नंबर आला. आप्पांनी दांडा धरला, दम खात खात घागर भरली. मागची बाई म्हणाली, "आता हात बसलाय तुमचा. माझीबी भरा."

भरली. मग तिच्या मागचीची.

*

दुसऱ्या दिवशी हनीफनं त्या उजव्या दाराचा आतला हँडलच काढून टाकला. बाहेरचा आधीपासूनच तुटका होता. अँबेसेडर ती, काहीतरी तुटकं असायचंच. म्हणाला, "तात्या, अब देखो. आता कोण उघडतो ते बघू."

त्याच आठवड्यात आप्पांच्या पुतण्याचं लग्न, अहमदपूरकडच्या एका गावात. मागच्या सीटवर उजवीकडं नवरदेव, बाशिंग बांधून. डावीकडं त्याची आत्या, म्हणजे आप्पांची थोरली बहीण. अंगानं दोघींएवढी, मानानं चौघींएवढी.

गाडी मांडवापुढं लागली. मुलीकडच्यांनी वरमाय-आत्यांचे पाय धुवायचे असतात. पण गावात पाणी कुठाय? एक पोरगी फुलपात्र घेऊन आली अन् बोटानं चार थेंब शिंपडले. आत्यानं बाहेर काढलेला पाय परत आत घेतला.

"हे पाय धुणं झालं का? कोंबडीवर पाणी मारल्यावानी? मी उतरत न्हाई."

आत्या उतरेना, अन् ती उतरल्याशिवाय नवरदेवाला वाट न्हाई. त्याच्या बाजूचं दार हनीफनं मुकं करून ठेवलेलं. बँड वाजून राहिला, भटजी-जंगम दोघंही घड्याळ बघून राहिले. आप्पा खिडकीशी वाकून बहिणीला म्हणाले, "अक्का, पोराचं लग्न हाय."

"मग पाणी आणा."

शेवटी नवरदेवानं बाशिंग सांभाळत पुढच्या सीटवर उडी घेतली अन् ड्रायव्हरच्या दारातनं बाहेर आला. मुलीचा आजा पुढंच उभा होता. त्यानं आपल्या लेकाच्या कानात सांगितलं, "पोरगं हुशार दिसतंय. स्वतःच गाडी चालवत आलंय."

लग्न झालं. आप्पांनी मात्र घरी गेल्यावर हनीफला बजावलं, "दोन्ही हँडल लाव. दार म्हणजे दार पाहिजे." हनीफनं लावले. तिथंच घोटाळा झाला, पण ते पुढं.

*

माझ्या गाडीची गोष्टही ऐका. एक गुत्तेदार होता, सरकारी कामांची कंत्राटं घेणारा. नव्या जिल्ह्यात नवी कामं, त्यामुळं तोंडात कायम पान. त्याला खिडकीतनं थुंकता यायचं न्हाई. काच खाली करायचा कंटाळा. दार थोडं उघडायचं, वाकायचं, पिचकारी मारायची, दार ओढायचं. मी म्हणायचो, "मालक, मागनं गाड्या येतात." तो नुसती मान हलवायचा. तोंड भरलेल्या माणसाला समजावणं सोपं असतं, तो उलट बोलत न्हाई. ऐकतही न्हाई.

एकदा असंच गाडी उभी, दार उघडं, अन् मागनं पाण्याचा टँकर. खाडकन् आवाज झाला. दार गेलं. टँकर पुढं जाऊन थांबला, ड्रायव्हर उतरला, रस्त्यातलं दार उचलून डोक्यावर घेऊन आला अन् माझ्यापुढं टेकवलं.

मी म्हणलं, "भरून कोण देणार?"

"दार रस्त्यात आलं, भाऊ. मी काही तुझ्या दारात आलो न्हाई."

मी गुत्तेदाराकडं बघितलं. त्याच्या तोंडात अजून पान. इतकं रामायण झालं तरी गिळलं न्हाई, सांडलं न्हाई. तो शांतपणे बाहेर वाकला, थुंकला, अन् पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बरं झालं. आता सारखं उघडायला नको."

*

आता हनीफ. एका नव्या साहेबाची जीप बिघडली म्हणून त्यानं आप्पांची गाडी भाड्यानं घेतली. हा साहेब साधा न्हाई. कोणत्या गावाला टँकर जायचा ते ह्याच्या सहीवर. त्याचं ऑफिस तेलाच्या एका जुन्या गोदामात होतं. जिल्हा नवा, इमारत यायची होती. गोदामाच्या दारात गटार. हनीफनं गाडी कडेला लावली अन् म्हणाला, "साहेब, जरा थांबा, मी येतो." तो उतरून वळसा घालून डाव्या दाराशी येईस्तोवर साहेबानं उजवं दार उघडलं.

मागनं बन्सी दूधवाला सायकलवर. दारावर आदळला अन् हात मोडला. साहेबानं एकदा खाली बघितलं, बुटावर दूध उडालं होतं ते पुसलं, अन् आत निघून गेला.

हवालदार आला. त्याचं अन् हनीफचं बोलणं हनीफनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ हाय.

"दार कुणी उघडलं?"

"साहेबांनी."

"ते लिहिता येत न्हाई."

"का बरं?"

"साहेब आहेत म्हणून. गाडी कोण चालवत होतं?"

"मी. पण गाडी तर उभी होती."

"उभी कुणी केली?"

"मीच."

"मग झालं की."

लायसन जप्त, गाडी जप्त. हवालदारानं जाताना बजावलं, "हा मुद्देमाल हाय. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ह्याला बोट लावलंस तर दुसरी केस करीन."

*

आम्ही सगळ्यांनी मिळून वकील गाठला. मूळचे नांदेडचे, निजामाच्या काळात शिकलेले, निम्मं बोलणं उर्दूत. गफूरमामू आमच्यात वयानं मोठे, ते पुढं झाले. "वकीलसाब, गवाह की फिक्र नको. आम्ही सगळ्यांनी आमच्या डोळ्यांनी बघितलं."

"सगळे गोदामापुढं होता?"

"सगळे."

"मग स्टँडवर कोण होतं?"

मामूंनी माझ्याकडं बोट केलं. "ये तात्या था."

मी म्हणलं, "मी का म्हणून? मीबी गोदामापुढंच होतो."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही कोर्टात आलात तर हनीफबरोबर तुम्हाला पण आत टाकतील. घरी जा."

म्हणजे बघितलेली माणसं तीनच. साहेब, हनीफ अन् बन्सी.

हनीफ बन्सीच्या गावाला गेला. बन्सी गळ्यात हात बांधून ओट्यावर बसलेला. दूधवाल्याच्या घरी बिनदुधाचा चहा मिळाला. म्हशींना पाणी न्हाई तर दूध कुठलं.

बन्सी म्हणाला, "हनीफभाई, दार त्यानंच उघडलं. मला चक्क दिसलं. पण आमच्या गावाचा टँकर त्याच्याच हातात हाय. मी खरं बोललो तर तुझं लायसन वाचतंय अन् माझं गाव तहानतंय. तूच सांग, काय करू?"

परत आल्यावर मी विचारलं, "मग काय म्हणालास?"

"क्या बोलता, तात्या? चहा पिलो अन् उठलो."

मी त्याला शिव्या घातल्या. म्हणलं, पाय धरायचे, रडायचं, भांडायचं तरी. तो म्हणाला, "ओट्यावर त्याच्या रिकाम्या घागरी होत्या. त्याच्यापुढं काय भांडू?"

*

कोर्टही तेव्हा भाड्याच्या जागेत, वर पत्रा. ऊन असं की पंखा गरमच हवा फेकायचा. मॅजिस्ट्रेटसाहेब बुटके, कमी बोलणारे, सारखे रुमालानं मान पुसायचे. आम्ही मागं भिंतीला टेकून उभे.

पहिला बन्सी. त्याला विचारलं, दार कुणी उघडलं?

"मी उताणा पडलो होतो, मालक. मला आभाळ दिसत होतं. आभाळात कुणी न्हवतं. ढगसुद्धा न्हवता."

हनीफनं खाली मान घातली.

मग साहेब. इस्त्रीचे कपडे, ताठ. हनीफच्या वकिलानं फार अदबीनं विचारलं, "साहेब, आपण उतरताना दार स्वतः उघडता का हो?"

साहेबाला ते लागलं. "मी? मी गाडीच्या दाराला कधी हात लावत नाही. ड्रायव्हर येतो, दार उघडतो, मग मी उतरतो. माझी पहिल्यापासून सवय आहे."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"त्या दिवशी ड्रायव्हर आला नसता तर?"

"तर मी बसून राहिलो असतो."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते लिहून घ्यायला लावलं. मी मामूंना हळूच म्हणलं, गेलं लायसन. वकीलसाहेब मात्र पुढं झाले. "हुजूर, गाडी आवारातच आहे. साहेब कुठं बसले होते अन् दार कसं उघडलं गेलं, ते कोर्टानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच अर्ज आहे."

मॅजिस्ट्रेटसाहेबांना पत्र्याखालून उठायचंच होतं. सगळे बाहेर आले. हवालदारानं ठाण्यातनं आणून लावलेली गाडी भर उन्हात उभी. काचा वर. इतके दिवस बंद राहून काचेचे हँडल आखडलेले, एकही काच हलंना. हवालदारानं दार उघडलं, साहेब मागच्या सीटवर उजवीकडं जाऊन बसला, हवालदारानं दार लावलं अन् सवयीनं एक सलाम ठोकून मागं सरकला.

मॅजिस्ट्रेटसाहेब कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. "हं. आता त्या दिवशी जसं झालं तसं दाखवा."

आत साहेब ताठ बसलेला. बाहेर हनीफ हात बांधून उभा.

हवालदार म्हणाला, "अरे, उघड की दार."

हनीफ म्हणाला, "हवालदारसाहेब, हा मुद्देमाल हाय. बोट लावू नको म्हणून तुम्हीच बजावलंय. कोर्टानं हुकूम द्यावा, मी उघडतो."

हवालदारानं मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं बघितलं. त्यांनी रुमालानं मान पुसली अन् वर झाडाकडं बघितलं. लिंबोळ्या बऱ्याच लागल्या होत्या. त्या बघत राहिले. वकीलसाहेबही लिंबोळ्या बघू लागले. मग आम्ही सगळेच.

गाडीत साहेबानं कॉलर सैल केली. काचेला बोट लावून वाजवलं. कुणाला ऐकू आलं न्हाई. त्यानं टाय सोडला. चेहरा मिरचीसारखा झाला. बन्सी गळ्यातला हात सांभाळत सगळ्यांच्या पुढं येऊन उभा राहिला अन् काचेतनं आत बघू लागला.

खटकन् आवाज झाला. उजवं दार उघडलं, साहेब घामानं निथळत बाहेर आला अन् हनीफच्या अंगावर ओरडला, "मूर्खा, तुझी वाट बघत किती वेळ आत बसायचं माणसानं?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिंबोळ्यांवरची नजर खाली आणली अन् कारकुनाला म्हणाले, "लिहा."