एकवीस टिकल्यांची काच

गाड्यांच्या काचांचं दुकान असलं की दोन गोष्टी घरभर होतात. चपलेच्या तळात रुतून आलेले काचेचे दाणे आणि किस्से. दाणे निदान झाडूने निघतात. किस्से कुणाच्या हळदीत, कुणाच्या बारशाला आपोआप वर येतात आणि समोरचा म्हणतो, "तुझ्याच दुकानात कसं गं घडतं सगळं?"

आता घडतं त्याला मी काय करू! आमचं दुकान पनवेलला, जुन्या हायवेला. दिवसभर कंटेनरचे ट्रेलर धावतात, चाकांखालून खडी उडते आणि कुणाची तरी समोरची काच तडकते. काउंटरला मी असते. काच बसवतात दामूकाका. ते जासईचे, घरची मिठागरं होती. लहानपणी मीठ पिकायची वाट बघत बसलेला माणूस, त्यामुळे घाई केलेली त्यांना अजिबात खपत नाही.

*

काच कशी फुटली, हे गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. सगळ्यांच्या काचेला दगडच लागतो, आणि तोही गाडी उभी असताना.

एक साहेब असेच आले. ट्रेलरमागून दगड आला, बराच मोठा होता, वगैरे तावातावाने सांगत होते. दामूकाकांनी तडा बाहेरून चाचपला, मग दार उघडून आतून नख फिरवलं. तडा आतल्या बाजूला होता.

"दगड मागच्या सीटवर बसून आला काय?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

साहेबांनी मुकाट्याने डिकी उघडली. आत पडद्याचा सहा फुटी रॉड होता.

*

नारळाचं तर विचारूच नका. करंजाड्याच्या एका बिल्डरने नवी काच बसवून घेतली आणि काकांचं न ऐकता तिथल्या तिथे बंपरवर नारळ फोडला. करवंटीचा तुकडा असा उसळला की काचेच्या मधोमध टवका!

दुसरी काच बसवायला ते आठवड्याने आले, तेव्हा पूजेला केळी घेऊन आले होते.

*

आता एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एका ट्रेलरवाल्याच्या काचेवर लहान मुलीने चिकटवलेला घोड्याचा स्टिकर होता. काकांनी सवयीप्रमाणे ब्लेडने सगळं खरवडून काच उतरवली. त्या ड्रायव्हरने भांडण केलं नाही. नुसता पायरीवर बसून राहिला. त्याची मुलगी गावाला होती आणि वर्षातून एकदा भेटायची.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून जुनी काच काढण्याआधी ते तिच्यावर खाकी कागद पसरतात आणि काचेचा आकार तर उतरवतातच, पण तिच्यावर जे जे चिकटवलंय तेही जागच्या जागी रेखून घेतात. देव, लिंबू-मिरची, टोलचा स्टिकर, काहीही असो.

*

पाटणकर सर आले ते घर घेऊनच. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका मिनीबसची घरगाडी करून घेतली होती. आत पलंग, ओटा, बेसिन, खिडक्यांना पाटणकर काकूंनी शिवलेले पडदे. काच उभी चिरली होती आणि सरांनी चार महिने तिला चिकटपट्टी लावून दिवस काढले होते.

काकू आत ओट्याशी उभ्या होत्या. सर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, काकूंना अलीकडचं काही आठवत नाही. फ्लॅटमध्ये दिवसभर 'घरी चला' म्हणून मागे लागतात. या गाडीत बसल्या की शांत होतात. प्रवासात प्रत्येक मुक्कामी सकाळी जुनी टिकली काढून समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवायची त्यांची पद्धत. अजूनही चढल्या की त्या टिकल्यांवरून आधी बोट फिरवतात आणि मगच बसतात.

"काच बदलली आणि ही बसलीच नाही, तर मी हिला कुठे नेऊ?" सर म्हणाले.

मी चहा मागवला.

*

अशा गाडीची काच दुकानात तयार मिळत नाही, कागदाच्या मापाने फॅक्टरीतून कापून आणावी लागते. आठ दिवस लागणार होते. तोवर गाडी जुन्या काचेसकट आमच्या दारात उभी आणि हे दोघं रोज दहा वाजता गाडीत येऊन बसायचे. काकू आम्हाला पोहे करून घालायच्या. उत्तम पोहे, फक्त कधी मीठ दोनदा पडायचं. मिठागरवाल्या दामूकाकांनी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही!

बशी देताना काकू रोज विचारायच्या, "आज कुठे आलो आपण?"

सर गोंधळायचे. काका मात्र बशी घेऊन निवांत सांगायचे, "आज मोरा बंदराला आलोत, काकू. बोट आताच गेली." दुसऱ्या दिवशी अलिबाग, मग श्रीवर्धन. एकदा काकूंनी समुद्र दिसत नाही म्हणून तक्रार केली.

"भरती नाय अजून," काका म्हणाले. "आमी बसलोय ना. येईल."

आठ दिवसांत आमच्या दारात उभ्या गाडीने अख्खी किनारपट्टी केली.

*

पाचव्या दिवशी फॅक्टरीतून फोन आला. माणूस वैतागलेला होता. वायपरसाठी दोन भोकं समजू शकतो, म्हणाला, पण कोपऱ्यात ही एकवीस बारीक भोकं कशाला? काच आहे की चाळणी?

काकांनी नियमाप्रमाणे एकवीसच्या एकवीस टिकल्या कागदावर गोल काढून रेखल्या होत्या, आणि तोच कागद मापाला गेला होता! मी फोनवर अक्षरशः ओरडले की भोकं पाडू नका, त्या टिकल्या आहेत. मग पलीकडून अतिशय जपून प्रश्न आला, "मॅडम, त्या आम्ही लावून पाठवायच्या का?"

*

जुन्या टिकल्यांचा डिंक केव्हाच वाळला होता, त्यामुळे नव्या आणणं आलं. काका स्वतः बाजारात गेले, मी सोबत होते. बांगड्यांच्या दुकानात त्यांनी खिशातून मापाचा कॅलिपर काढला आणि पाकिटांतल्या टिकल्या मापायला घेतल्या. साडेसहा एमएमची पाहिजे, मरून, कड उचललेली नको.

दुकानदारीण कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "काका, कपाळाला लावायचीये ना? की नटाखाली वॉशर म्हणून?"

*

नवी काच बसली. काचेच्या कडेचा डिंक सुकायला एक दिवस गेला. काकांनी काचेसोबत परत आलेला खाकी कागद बाहेरून काचेला लावला आणि आतून एकवीस टिकल्या जिथल्या तिथे चिकटवल्या. मिलिमीटरचाही फरक नव्हता. सरांनी तीनदा पाहिलं आणि काकांचा हात हातात घेतला.

मग काकू आल्या. पायरी चढल्या. सवयीने बोट टिकल्यांकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"केवढी घाण करून ठेवलीये काचेवर," त्या म्हणाल्या.

आणि नखाने एकेक टिकली काढायला लागल्या. सरांनी 'अगं' म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. काका खाली बघत उभे होते. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. एकवीसही टिकल्या काकूंनी तळहातावर गोळा केल्या. काच कोरी झाली. त्यांनी पदराने तो कोपरा पुसला, मग आपल्या कपाळाची टिकली काढली आणि कोपऱ्यात अगदी खाली लावली. जराशी वाकडी.

मग सीटवर बसल्या, पदर सारखा केला आणि तळहातावरच्या सगळ्या टिकल्या सरांच्या हातात ओतल्या.

"नीट ठेवा," म्हणाल्या. "अजून एवढ्या ठिकाणी जायचंय."

सर मूठ मिटून स्टिअरिंगशी बसले. ती काही केल्या उघडेना. शेवटी दामूकाकांनीच वाकून किल्ली फिरवली.