बाबालाल मिस्त्री आणि वाकडी बोट

लाकडाच्या कारखान्यात भुसा कितीही झाडा, कोपऱ्यात ढीग असतोच. आमच्या बाबालाल मिस्त्रींचे किस्सेही तसेच, एक उचलला की खाली तीन निघतात. बाकीचे मी हसत सांगतो. बोटीच्या ऑर्डरचे सांगताना अजून डोकं फिरतं.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. कोकण किनाऱ्यानं जाणाऱ्या एका जुन्या पॅसेंजर बोटीचं आतलं फर्निचर नवं करायचं होतं. मुंबईला खेपा घालून मी ते काम कोल्हापुरात आणलं. बोटीच्या साहेबांनी बजावलं होतं, पसंत पडलं नाही तर सगळा माल परत. तसं झालं असतं तर माझ्या कारखान्याला कुलूपच लागलं असतं. आणि माझे हेडमिस्त्री बाबालाल! हात सोन्याचा, पण साठ वर्षांत पाणी बघितलेलं ते रंकाळा तलावाचं.

०

जेवणाच्या टेबलांना बोटीकडून आलेल्या नकाशात चारी बाजूंनी बोटभर उंच काठ होता. मिस्त्रींनी आठही टेबलांचे काठ रंधा मारून पार उडवले.

"अहो, बोट हलते. ताटं खाली येतील."

"मग जेवताना हालवू नगा म्हणावं. मनगटाला काठ लागतोय, त्ये कोण सोसणार?"

आठही काठ पुन्हा बसवले.

०

केबिनमधल्या झोपायच्या फळ्या सव्वादोन फुटी. मिस्त्रींनी तीन फुटी केल्या. का, तर समोरच्या तालमीतला पैलवान आणून झोपवून बघितला, मावला नाही म्हणे.

मी कपाळाला हात लावला. "मिस्त्री, दोन फळ्यांच्या मधे माणसानं उभं कुठं राहायचं?"

"उभं कशाला ऱ्हायचं? झोपाय आलाय न्हवं?"

सगळ्या फळ्या पुन्हा सव्वादोन फुटी कापल्या.

०

नमुना म्हणून बोटीतलं एक जुनं कपाट आलं होतं. इंग्रजांच्या वेळचं, सागवानी, दारावर कोरलेला वेल. तेव्हा बोट आतून बंगल्यासारखी सजवायचे, प्रवाशाला पाण्याचा विसर पडावा म्हणून. आता पुसायला सोपा म्हणून सगळीकडं फॉर्मायका.

मिस्त्री त्या वेलावर हात फिरवत बसले. "ह्ये काढून लाकडाला रेनकोट घालायचा व्हय?"

घातला. पण चोवीस कपाटांच्या दारांना आतून वेल कोरला. माल न्यायचा दिवस उलटून गेला.

"आतनं कोण बघतंय, मिस्त्री?"

"कापडं ठिवणारा."

०

शेवटी माल घेऊन आम्ही बोटीवर पोचलो. साहेबांनी टेबलावर पेन्सिल ठेवली. ती घरंगळत गेली आणि काठाला अडली. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

पाणी वाहून जावं म्हणून बोटीची जमीन कडेला उतरती असते. त्यासाठी नकाशात टेबलांचे दोन पाय आखूड, दोन लांब होते. मिस्त्रींनी मला न विचारता सगळे सारखे केले होते.

"नकाशा चुकला हुता. तुमची लाज नगं जायला म्हणून गप नीट केलं," मिस्त्री माझ्या कानात म्हणाले. मग पिशवीतून बुडबुड्याची लेवल काढून जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका कडेला गेला. "सायेब, टेबल बराबर हाय. तुमची बोट वाकडी हाय."

साहेब म्हणाले, "माल परत न्या."

मिस्त्रींनी मात्र करवत काढली आणि खाली बसले. नकाशा नाही, माप नाही, नुसत्या नजरेनं आठही टेबलांचे दोन-दोन पाय कापून उतरवले. साहेबांनी पेन्सिल ठेवली. हलली नाही. कपाट उघडलं, वेलाकडे जरा वेळ बघितलं, दार हळूच लावलं आणि सही केली.

"उद्या बोट चाचणीला बाहेर जाणार आहे. मिस्त्रींना आणा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किनारा मागे पडला तरी मिस्त्री दिसेनात. आता काय कापतायत या धास्तीनं मी वर धावलो. ते कठड्याला उभे होते. एक डोळा मिटून, हातातल्या लेवलची कड त्यांनी पार पलीकडं पाणी आभाळाला टेकतं त्या रेषेला लावली होती.

मग म्हणाले, "मालक, करणाऱ्यानं ह्ये मातर लेवलात केलंया."