बिनदारूची बिअर

घोटभर लिफ्ट दुरुस्त करायचा. घोटभर हे नाव त्याला कामावरच्या मित्रांनी ठेवलं होतं. पगार झाला की सगळे मिळून कुठेतरी बसायचे. बाकीचे पुढचा ग्लास मागवत असायचे आणि हा पहिल्यातलाच अर्धा समोर घेऊन बसलेला. "अरे, पितोस की राखण करतोस?" असं कुणीतरी म्हणायचं. घोटभर हसायचा आणि आणखी एक घोट घ्यायचा. झिंग त्याला कधीच नको होती, डोकं जड झालेलं त्याला खपायचं नाही. त्याला हवी असायची चव.

त्याच्या धंद्यामुळे त्याला शहराचे सगळे कोपरे माहीत झाले होते. आज इस्पितळातली स्ट्रेचरची लिफ्ट, उद्या एखाद्या जुन्या ऑफिसची, दर मजल्याला हिसका देणारी. दिवसभर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत वंगणाने हात काळे करायचे, ब्रेक तपासायचा, दोर तपासायचे आणि निघताना वॉचमनला विचारायचं, "इथे आसपास बसायला बरी जागा आहे का हो?" अशा विचारपुशीतून त्याला एकेक पब सापडत गेला. पाटी किती मोठी आहे हे तो बघायचा नाही. ग्लास नीट धुतलेला आहे का, फेस खाली उतरताना काचेवर कड्या सोडतो का, गाणी एवढी मोठ्याने तर लावलेली नाहीत ना की शेजाऱ्याला ओरडून सांगावं लागेल, एवढं तो बघायचा. दात शिवशिवतील इतकी गार बिअर आणून दिली की तो समजून जायचा, यात गारव्याआड लपवण्यासारखं काहीतरी आहे. एका जागी गव्हाची बिअर मिळायची, तिला संत्र्याच्या सालीचा वास होता. कापडबाजारामागे एक कडवट बिअर होती. पहिला घोट तोंड वाकडं करायला लावायचा आणि तिसऱ्या घोटाला मैत्री व्हायची.

घरी मात्र यातलं काही बोलायची सोय नव्हती. बायको त्याला अडवत नसे, पण विचारतही नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ, लहान्या, दारूपायी पार धुळीला मिळाला होता. त्याची बायको निघून गेली, त्याच्या बेकरीची भट्टी विकायला निघाली, आणि एकदा तर त्याच्या या ताईने त्याला रस्त्यातून उचलून आणलं होतं. मग त्याने सोडली. दर आठवड्याला तो अशाच दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जायचा, पहाटे उठून पीठ मळायचा, आणि त्याच्या पावाला आता रांग लागायची. या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. तरी बाहेरून एक ग्लास पिऊन आला की घोटभर आधी मोरीत जाऊन चूळ भरायचा, मगच बायकोसमोर उभा राहायचा.

छापखान्यांच्या गल्लीत एक नवीन पब निघाला. चालवणारी बाई बिअर स्वतःच बनवायची. एका संध्याकाळी तिने घोटभरसमोर काळीभोर बिअर ठेवली. भाजलेल्या कॉफीचा वास, मागे किंचित गोडवा. तो दोन-तीन घोट घेऊन मान डोलावू लागला, तेव्हा ती हसली.

"यात दारू नाहीये."

"काय सांगता!"

"शपथेवर. लोकांना गाडी चालवायची असते, औषधं चालू असतात. त्यांच्यासाठी केलीय."

तिथेच त्याला लहान्या आठवला. घरच्या जेवणाला हे दोघे शेजारी बसायचे आणि बोलायला विषय नसायचा. पण लहान्याचं नाक भारी होतं. पीठ किती आंबलंय हे तो झाकण न काढता सांगायचा. हा माणूस आपल्याबरोबर चवीचं बोलला तर काय मजा येईल, असं घोटभरला वाटलं. त्यात प्रेम होतं, नाही असं नाही. पण हौस जास्त होती. एवढ्या जागा शोधल्या आणि त्या दाखवायला माणूस नव्हता.

त्याने बोलावलं म्हणून लहान्या त्या पबात आला, पण ग्लास समोर येताच त्याने खुर्ची मागे सरकवली.

"दाजी, नको."

"अरे, दारूचा थेंब नाही यात. लहान मुलानेही प्यावी."

"दारूचं नाही म्हणत मी. वासाचं म्हणतोय."

"वासाने कुणी झिंगलंय का कधी?" असं म्हणून घोटभर मोठ्याने हसला.

लहान्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग ग्लास उचलला. एक घोट घेऊन त्याने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो वेगळाच दिसत होता.

"करपायच्या जरा आधी भट्टीतून काढलेला पाव असतो ना, त्याची कड! तीच चव, दाजी!"

घोटभरला आपण एवढी वर्षं कशाला थांबलो असं वाटलं. त्या दिवशी ते खूप बोलले. निघताना घोटभरच म्हणाला, "तुझ्या ताईला सांगायला नको. उगाच जीवाला घोर लावून घेईल." लहान्याने त्याच्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

मग ते वरचेवर जाऊ लागले. बिनदारूची काळी मिळत नसे तिथे लहान्या लिंबूपाणी घ्यायचा आणि घोटभर आपल्या ग्लासाचं वर्णन करायचा. एकदा कापडबाजारामागच्या पबात लहान्या म्हणाला, "बघू, नुसता वास." घोटभरने ग्लास पुढे केला. लहान्याने नाक जवळ नेलं, लांब श्वास घेतला आणि वासांची एकेक ओळख पटवत गेला. ओलं गवत, मध, लिंबाचं पान. घोटभर कौतुकाने ऐकत राहिला. ग्लास परत देताना लहान्याचा हात किंचित थरथरला. ते घोटभरला दिसलं होतं. आपल्याला ते दिसलं होतं, हे पुढे त्याला कधीच विसरता आलं नाही.

बायकोचा फोन आला तेव्हा तो एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दाराचं लॉक जोडत होता.

"लहान्याचं शटर दोन दिवस बंद आहे. फोन उचलत नाही. गिऱ्हाईकं माझ्याकडे विचारायला आली. अहो, ऐकताय ना?"

"बघतो मी," तो म्हणाला. लॉक जोडून त्याने हत्यारं आवरली.

आधी तो छापखान्यांच्या गल्लीत गेला. बाई दुपारची बिअरच्या नळ्या धूत होती.

"तुमचे मेहुणे ना? गेल्या आठवड्यात एकटेच आले होते. म्हणाले, आज खरी काळी द्या, दारूची. मी दिली." त्याचा चेहरा पाहून तिने हात पुसले. "का? द्यायला नको होती?"

"तुमची काही चूक नाही," घोटभर म्हणाला. ते खरंच होतं. लहान्याने दारू सोडलेली आहे, हे तिला आधीच सांगायचं काम त्याचं होतं.

मग तो एकेक जागा पालथी घालत गेला. संत्र्याच्या सालीचा वास असलेली, कापडबाजारामागची, नदीकाठची, लाकडी बाकांची. सगळ्या त्यानेच शोधलेल्या, त्यानेच लहान्याला दाखवलेल्या. सगळीकडचे लोक ओळखीने हसले, "आज काय घेणार?" म्हणाले. प्रत्येक दारातून परत फिरताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

लहान्या यातल्या एकाही ठिकाणी नव्हता. ट्रकच्या अड्ड्याजवळ दारूचं एक दुकान होतं, बाहेर उभ्याने प्यायचा कट्टा. तिथे भिंतीला टेकून तो बसला होता. शर्टाला पीठ तसंच, दाढी वाढलेली, हातात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक बिअरचा कॅन.

घोटभर त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. "तुला सगळीकडे शोधलं रे."

"तुमच्या जागी नाही गेलो," लहान्या जड जिभेने म्हणाला. "तिथे बसून असं प्यायची लाज वाटली, दाजी. एवढ्या चांगल्या जागा."

घरी आणून त्याला झोपवल्यावर घोटभरने बायकोला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. काळी बिअर, तो वास, थरथरलेला हात, आणि ताईला सांगू नको म्हटल्याचंही. ती ओट्यावरचं पातेलं पुसत राहिली, ते कोरडं झालं तरी.

"तुम्हाला वाटलं यात दारू नाही, ते मी समजू शकते," शेवटी ती म्हणाली. "पण तुम्ही त्याला माझ्यापासून लपवायला सांगितलंत. दारू सोडण्याआधी त्याने लपवणं सोडलं होतं हो. त्याला तेच जास्त जड गेलं होतं."

घोटभर उठून लहान्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून आला.

लहान्याला सावरायला वेळ लागला. हातापायांचा कंप, उलट्या, घाम. ताई त्याच्या उशाशी बसून राहिली. बेकरीतला म्हातारा कारागीर जमेल तेवढे पाव काढायचा आणि घोटभर कामावर जायच्या आधी तिथे जाऊन जळके ट्रे घासायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं. पुढे लहान्या पुन्हा बैठकीला जाऊ लागला. घोटभर त्याला सोडायचा आणि बाहेर स्कूटरवर बसून राहायचा. परतताना दर वेळी माफी मागायचा. एके दिवशी लहान्या वैतागला.

"दाजी, बास झालं. ग्लास मी उचलला. आता मी माझं सांभाळू की दर आठवड्याला तुमची समजूत काढू?"

त्यानंतर घोटभरने माफी मागणं बंद केलं. मनातलं बंद झालं नाही, फक्त ते त्याला एकट्यालाच पेलावं लागलं. बिअर त्याने आपणहूनच सोडली होती. मित्र बसले की तो सोडा घ्यायचा, आणि मित्रांनाही काय झालं ते विचारावंसं वाटेना.

बरेच महिने गेले. लहान्याच्या दुकानापुढे पुन्हा रांग लागली. एका दुपारी बाजारपेठेतल्या इमारतीत काम लवकर आटोपलं, आणि समोरच एक छोटा पब दिसला. आधी कधी न पाहिलेला, चार टेबलांचा, शांत. घोटभर दारात घुटमळला, मग आत गेला. त्याने फिकट पिवळी, ताजी बिअर मागवली. पहिला घोट घेताना त्याला मनातून वाटत होतं की ही कडू लागावी, नकोशी व्हावी, म्हणजे सुटलो. पण ती सुरेख होती. आधी ओल्या गवताचा वास आणि मागून हलकेच मध. त्याचे डोळे भरून आले. त्याने ग्लास संपवला, नेहमीसारखाच, हळूहळू.

घरी गेल्यावर तो मोरीकडे वळला नाही. बायको खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"आज एक घेतली."

तिने वर पाहिलं. "एकट्याने?"

"एकट्याने."

"लहान्याला माहीत आहे?"

"उद्या सांगेन."

तिने हातातल्या शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि नीट घातली. मग विचारलं, "कशी होती?" एवढ्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

घोटभरला वाटलं खोटं बोलावं, बरी नव्हती म्हणावं.

"चांगली होती," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी बसून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागला.