मद्रासचं नऊशे अठ्ठ्याहत्तर

पुण्याहून येऊन मी मद्रासच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर झालो, तेव्हा माझं मुख्य काम सही करणं हे होतं. आम्ही पुण्यात ज्या प्रयोगवहीला जर्नल म्हणायचो तिला इथे रेकॉर्ड म्हणत. प्रत्येक प्रयोगावर सही असली तरच रेकॉर्ड पुरं, आणि रेकॉर्ड पुरं असलं तरच विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येई. शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. मग शिपाई रेकॉर्डांच्या कपाटाला कुलूप लावी, आणि त्या कुलपापुढे प्राचार्यांचंही चालत नसे.

लोलकाचा प्रयोग साधा. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे आणि पृथ्वी वस्तूंना किती जोराने ओढते तो आकडा काढायचा. पुस्तकात तो ९८१ होता. विभागप्रमुखांचा नियम असा, की उत्तर ९८१च्या जितकं जवळ तितके गुण जास्त. लांब गेलं तर लाल शाईत ‘रिपीट’. प्रमुख मे महिन्यातही कोट घालत आणि सत्राच्या सुरुवातीला शास्त्रज्ञाच्या सचोटीवर तासभर बोलत. परिणाम दिसत होता. गोळे गंजलेले, समुद्राचा वारा खिडकीतून थेट लोलकावर, आणि उत्तर मात्र सगळ्यांचं ९८१.

एकाचं सोडून. हा मुलगा तंजावरकडच्या मराठी घरातला. वडील गेलेले, वेस्ट मांबलमला मामाकडे राहून शिकत होता. परीक्षा हुकली तर मामा त्याला कुठल्यातरी कचेरीत चिकटवणार होता. त्याचं उत्तर ९७८. मी ‘रिपीट’ लिहिलं. पुन्हा ९७८. पुन्हा ‘रिपीट’, पुन्हा तेच.

“अरे, सगळ्यांचं बरोबर येतं, तुझंच कसं येत नाही?”

“त्यांचं मोजायच्या आधीच येतंय, सार. मी मोजलो तेच लिहिलो.”

“९८० लिही. तडजोड म्हणून.”

“कोणाशी तडजोड, सार? गोळ्याशी?”

गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी खिडक्या लावून स्वतः लोलक टांगला. ९७८. मग ग्रंथालयातून कोष्टकांचा जाडजूड ग्रंथ काढला. ९८१ हा लंडनचा आकडा. विषुववृत्ताकडे यावं तसा तो उतरत जातो, मद्रासला ९७८. इंग्रज गेले होते, पण आमचे गोळे अजून लंडनमध्येच झुलत होते.

शुक्रवारी ग्रंथ आणि रेकॉर्ड घेऊन प्रमुखांकडे गेलो. त्यांनी पान दोनदा वाचलं.

“बरं. मग बाकीच्या वर्गाचं काय करायचं? खोटारडे म्हणून घरी पाठवू?”

“त्यांना मी काहीच म्हणत नाही. याला परीक्षेला बसू द्या.”

“हा बरोबर ठरला, की त्यांना म्हटल्यासारखंच झालं.”

माणूस कोटाइतका पोकळ नव्हता, हे तेव्हा कळलं. त्यांनी रेकॉर्ड माझ्याकडे सरकवलं. बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत होता.

“सही करा,” ते म्हणाले. “गुण दहापैकी सहा द्या. नऊ दिलेत तर लोक कारण विचारतील.”

मी सही केली. मुलाने गुण पाहिले, सही पाहिली. “सही पुरे, सार,” म्हणाला आणि मांबलमची गाडी पकडायला निघाला.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत पाटी लागली: येथे ९७८ हेच उत्तर ग्राह्य धरले जाईल. सचोटीवरच्या भाषणात प्रमुखांनी हा शोध आपल्याला कसा लागला तेही सांगितलं. आणि त्या वर्षी, वारा तसाच, गोळे तसेच, सगळ्या वर्गाचं उत्तर ९७८ आलं.

फक्त एका मुलीचं ९६९. लाल शाईचं पेन मी उघडलं होतं, ते मिटून ठेवलं. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, “दोरा कुठून कुठपर्यंत मोजलास, दाखव बघू.”