टाकीतलं शेवाळ आणि कामसू जावई

माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं खपून टाकीत शेवाळ वाढवलं आणि मी ते एका सकाळीत घासून काढलं.

ही हकिगत माझी बायको निर्मला येईल त्या पाहुण्याला सांगते, आणि मला शेजारी बसवून सांगते. ऐकून ऐकून मी थकलो. तेव्हा एकदा आपणच सांगून मोकळं व्हावं, म्हणून हा खटाटोप.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम निघालं होतं, बोईसरला माणसांची ही रीघ! मला तिथे नोकरी लागली, पण खोली मिळेना. म्हणून ‘चारच दिवस’ उमरोळीला सासुरवाडीत राहिलो. त्या चार दिवसांचे सात महिने झाले. जावयाला कुणी काम सांगत नाही, आणि न सांगता काम करायची मला खोड नव्हती.

एका रविवारी मुरबे गावची हिराबाई मासळीची पाटी घेऊन आली. मी ओसरीवर तिसरा चहा पीत होतो. ती हात धुवायला परसातल्या सिमेंटच्या टाकीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, “जावयबापू, टाकीत केवडं शेवाळ झालंय! असं बसून राहिलात तर तुमच्यावर पन चढंल!”

मला ते लागलं. (खरं होतं ना!) लेंगा खोचला, टाकीचं बूच काढलं, नारळाची शेंडी आणि राख घेऊन आत उतरलो आणि तीन तास घासत राहिलो. जन्मात एवढं काम केलं नव्हतं! निघालेलं शेवाळ उन्हात वाळत टाकलं. (हो, वाळत. समूळ नायनाट व्हायला हवा ना!)

मग मोठ्या ऐटीत निर्मलाला हाक मारली. तिने टाकी पाहिली आणि मटकन खालीच बसली.

“अहो, हे काय केलंत?”

“साफ केली! राखेनं!”

“ते अप्पांचं शेवाळ होतं!” अप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त विज्ञानशिक्षक. “डासांच्या अळ्या ते खातात, पण त्यांना ते पचत नाही. भरल्या पोटी उपाशी मरतात!”

(बोईसरच्या खाणावळीत मीही या अवस्थेतून गेलो होतो.)

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही टाकीत उतराल हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का? दोन वर्षांत तिच्यात एक अळी दिसली नाही. अप्पा पालघरला गेलेत ना, ते हिवताप खात्याच्या साहेबांना तेच दाखवायला घेऊन येतायत. सहा पत्रं लिहिली तेव्हा कुठे साहेब कबूल झाले. मंगळवारी येतायत!”

सोमवारी सकाळी स्टेशनच्या वाटेवर हिराबाई भेटली. तिलाच विचारलं, “शेवाळ कुठे मिळेल हो?”

“काल काडलंत नि आज पायजे?” तिने मला खालून वर न्याहाळलं. “बेटेगावच्या तळ्यात जा. म्हशी लोळतात तिथं, भरपूर हाय.”

हिरवं ते हिरवं, असा मी विचार केला. (विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकलाच संपला होता.) संध्याकाळी ऑफिसातून परस्पर बेटेगाव गाठलं, गुडघाभर चिखलात उभं राहून घासलेटचा रिकामा डबा भरला आणि घरी आणून पुन्हा पाण्याने भरलेल्या टाकीत ओतला. टाकी पुन्हा हिरवीगार! निर्मलाने कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी अप्पांबरोबर साहेब आले. पळीने टाकीतलं पाणी काढून त्यांनी उन्हात धरलं. आत अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्या पळीत आणखी अळ्या, शिवाय एक बेडकाचं पिल्लू!

“मास्तर,” साहेब म्हणाले, “इथे तर अळ्यांची शाळा भरलीय!”

अप्पांनी शेवाळाकडे पाहिलं, मग टाकीच्या लखलखीत कडेकडे, मग माझ्याकडे. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ते हळूच म्हणाले, “प्रयोग फसला, साहेब.” परक्यासमोर जावयाची अब्रू जाऊ द्यायची नाही, ही त्यांची रीत. त्यांचा तो उतरलेला चेहरा आठवला की मला अजूनही लाज वाटते.

साहेब गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “राखेनं घासलीत?”

“हो.”

“छान निघालीय. आता कृपा करून तिला हात लावू नका.”

मी लावला नाही. तसाही दमलोच होतो. अप्पाही उदास होऊन परसात फिरकेनात. त्यामुळे बेटेगावच्या अळ्या सुखाने मोठ्या झाल्या, त्यांना पंख फुटले, आणि दीडेक महिन्यात मला हुडहुडी भरली. रक्त तपासलं तर हिवताप! घरात दुसऱ्या कुणालाही नाही, फक्त मला. निर्मला रडवेली झाली. अप्पा मात्र कित्येक दिवसांनी ताठ बसले, दौत-टाक पुढे ओढलं आणि साहेबांना सातवं पत्र लिहायला लागले: शेवाळ होते तोवर घरात ताप नव्हता, शेवाळ काढले, ताप आला, कृपया समक्ष येऊन खात्री करावी.

साहेब खरंच आले. टाकीकडे ते गेलेच नाहीत. तीन गोधड्यांखाली मी दात वाजवत पडलो होतो, तिथे येऊन उभे राहिले. अप्पांनी माझ्या तोंडावरची गोधडी बाजूला केली, छाती पुढे काढली आणि म्हणाले, “साहेब, हे आमचे जावई!”

लग्नाला इतकी वर्षं झाली. सासऱ्यांनी माझी ओळख अभिमानाने करून दिली, ती तेवढी एकदाच.