नाव वहीत नाही

सरोजिनी गायधनी कुणाचं वाईट चिंतत नाही, असं आखाती देशातल्या अब्बासिया वस्तीतले सगळे म्हणतात. सगळे चुकतात. तीन वर्षं ती एका माणसाचं मनापासून वाईट चिंतत होती, रोज सकाळी, अंघोळ झाल्यावर, देवापुढे हात जोडून. त्या माणसाचं नाव रामभाऊ. इथल्या मराठी मंडळाचे ते एकोणीस वर्षं अध्यक्ष होते, आणि खुर्चीला त्यांच्या पाठीचा आकार आला होता म्हणा ना.

झालं असं. आठ वर्षांपूर्वी काही सभासदांनी निवडणूक मागितली. रामभाऊंनी निवडणूक दिली नाही, शपथ दिली. गणपतीची आरती झाल्यावर हॉलचं दार लावून त्यांनी एक कागद वाचून दाखवला : ‘मी मंडळाशी व त्याच्या विद्यमान अध्यक्षांशी एकनिष्ठ राहीन, अन्य कोणत्याही गटात बसणार नाही, आणि कुणी बसत असल्यास कळवीन.’ मग रांग लावून सह्या. सही झाली की पुढच्या टेबलावर मोदक.

सरोजिनीचा नवरा दीनानाथ एका तेलकंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. काटा दाखवेल तोच आकडा लिहायचा, मग साहेब काही का म्हणेना, ही त्याची जन्माची खोड. ‘मी बायकोशी एकनिष्ठ आहे, तेवढं पुष्कळ झालं,’ असं म्हणून तो मोदक न खाता गाडीत जाऊन बसला. रामभाऊंनी कागदाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं, ‘नकार : दीनानाथ गायधनी’, आणि सभासदांच्या वहीतलं त्याचं नाव खोडलं. त्या दिवसापासून हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. भाजीच्या दुकानात ओळखीची माणसं कांदे निवडण्यात भारी गुंग होऊ लागली.

पाच वर्षांनी दीनानाथ कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून, बसल्या जागी गेला.

परदेशात मंडळ लागतं ते अशा दिवसासाठी. नाचगाणी काय, कुठेही होतात. पण मृत्यूचा दाखला, वकिलातीचं पत्र, निवासाचा परवाना रद्द करणं, विमानातली जागा, या सगळ्यासाठी चार माणसांना चार दिशांना धावावं लागतं, आणि मंडळाकडे ती माणसं होती. सरोजिनीने फोन केला.

‘फार वाईट झालं, वहिनी,’ रामभाऊ म्हणाले. ‘पण त्यांचं नाव वहीत नाही. नियम सगळ्यांना सारखा. तुमचं मात्र आहे हो! तुमच्या वेळी मंडळ नक्की हजर असेल.’

हो, तिचं होतं. दीनानाथ गाडीत जाऊन बसल्यावर तिने सही केली होती. लेकीचा, जुईलीचा, नाच त्या दिवशीच्या कार्यक्रमात होता, रामभाऊंच्या बायकोने, वीणाने, पेन हातात कोंबलं होतं, आणि मागे रांग खोळंबली होती. परतताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि गाडीचा एसी वाढवला. पुढे कधी त्याने तो विषय काढला नाही. त्याने आदळआपट केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

दीनानाथ अकरा दिवस शवागारात होता. शेवटी धावला मालेगावचा मुनव्वर, तिच्या दवाखान्यातला मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस. ‘भाभी, तुम्ही बसा, मी बघतो सगळं,’ म्हणाला आणि रजा टाकून त्याने दीनानाथला नाशिकला पोचवलं.

सरोजिनी हवल्लीतल्या त्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळते. इजिप्तचा डॉक्टर असो की केरळचा, ज्याचं अक्षर त्यालाच लागत नाही, ते हिला लागतं. नवरा गेल्यावर सुट्टीचे शुक्रवार खायला उठायचे. कॅनडाहून जुईली फोनवर म्हणाली, “आई, यू नीड अ हॉबी,” आणि तिने एक वेबसाइट दाखवली. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चची दप्तरं तिथे घरबसल्या वाचून टाइप करून द्यायची होती. चारशे वर्षांपूर्वीचं ते बोरूचं अक्षर पाहून सरोजिनी म्हणाली, “एवढंच ना? आमचे हाडांचे डॉक्टर याहून वाईट लिहितात.”

जन्म, लग्नं, दफनं टाइप करता करता एका खेड्याची यादी तिच्यापुढे आली. साल १६४२. लंडनच्या पार्लमेंटने शपथ पाठवली होती. पाद्र्याने ती चर्चमध्ये वाचली आणि गावातल्या प्रत्येक जाणत्या पुरुषाने सही केली किंवा फुली मारली. तळाशी पाद्र्याने दोन नावं वेगळी काढली होती : नकार देणारा एक विणकर आणि त्याचा मुलगा. वर कळवायला, त्यांना गोत्यात आणायला. चारशे वर्षांनी त्या वेबसाइटवर लोक येत होते आणि त्या विणकराच्या वंशात आपण आहोत का, हे हौसेने शोधत होते. वरच्या दीडशे सह्यांची चौकशी कुणी करत नव्हतं. त्या शुक्रवारी तिला आपला सूड कसा असावा ते कळलं. फक्त तो कागद हाती यायला हवा होता.

तो रामभाऊंनीच पाठवला.

मंडळाला पंचवीस वर्षं होत होती आणि रामभाऊ कायमचे पुण्याला निघाले होते. त्यांच्या निरोपाला स्मरणिका काढायची होती. नवा सेक्रेटरी शैलेश, ज्याला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, वह्यांचा गठ्ठा घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

“काकू, हे अक्षर आमच्यातल्या कुणालाच लागत नाही, तुम्ही डॉक्टरांचंसुद्धा वाचता म्हणे. आणि ते शपथपत्र पण हवंय सर सांगत होते. सगळ्या सह्या नावांनिशी. मंडळाच्या एकजुटीचा पुरावा आहे म्हणे.”

“त्यांनी काढून पाहिलंय का इतक्यात?”

“छे हो. सर फोटो निवडतायत.”

मारणारा विसरतो, हे बरंच असतं. सरोजिनीने शैलेशला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि दाराला कडी लावून बसली.

एकशे बारा सह्या होत्या. तिने एकेक उलगडली. त्रेसष्टाव्या ओळीवर तिची स्वतःची सही होती, घाईची, आडवी पडलेली. एक ओळ गाळली असती तर कुणाला कळणार होतं? ते अक्षर वाचणारी ती एकटीच. ती उठली, गॅस पुसला, भांडी लावली, पुन्हा येऊन बसली. आपलं नाव गाळलं तर हा दस्तऐवज उरणार नाही, नुसतं बायकी उणंदुणं उरेल, असं तिला वाटलं. आणि दीनानाथचा तो ‘बरं’ तिला अजून ऐकू येत होता. तिने त्रेसष्ट आकडा घातला आणि पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं.

मग तळाची लाल ओळ. त्याखाली तिने त्या पाद्र्यासारखीच कोरडी नोंद केली : ‘सदर दीनानाथ पाच वर्षांनी मरण पावला. अकरा दिवस शवागारात. मंडळास कळवले. अध्यक्षांचे उत्तर : नाव वहीत नाही. घरी पोचवणारा : मुनव्वर, राहणार मालेगाव, सभासद नाही.’

रामभाऊंनी प्रुफात आपला फोटो आणि मनोगत तेवढं तपासलं.

मराठी माणूस स्मरणिका वाचत नाही, तीत स्वतःचं नाव शोधतो. समारंभात स्मरणिका वाटल्या गेल्या आणि हॉलभर बोटं यादीवरून फिरू लागली. ‘हा बघ मी!’, ‘अगं, एकोणिसावी मी!’ असं चाललं होतं. मग बोटं खाली सरकली, आणि एकेक रांग गप्प होत गेली. व्यासपीठावर कुणीतरी रामभाऊंना वटवृक्ष म्हणत होतं. सरोजिनी पहिल्या रांगेतून मागे वळून एकेक चेहरा पाहत होती आणि, खोटं कशाला बोला, तिला फार फार बरं वाटत होतं.

रामभाऊ शाल-श्रीफळ घेऊन बसले होते. शेजारच्याने पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. ते वाचून खाली आले तेव्हा नारळ हातातच होता.

“वहिनी, माणूस गेला. इतकी वर्षं झाली. हे शोभतं का तुम्हाला?”

“एक तरी अक्षर खोटं आहे का? सांगा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते.”

ते पान त्यांनी तिच्या तोंडापुढे नाचवलं. “आणि ही त्रेसष्टावी कोण? तुम्हीच ना? स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध सही केलीत, आणि छापता वर? लाज नाही वाटली?”

आता सगळा हॉल ऐकत होता.

“वाटली,” सरोजिनी म्हणाली. “आठ वर्षं वाटतेय. म्हणून तर छापली. आता तुमची पाळी.”