संग्रहालयातली चूल

"हे काय पडलंय?" साहेबांनी सारवलेल्या जमिनीवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळी भुकटी लागली. मी वर पाहिलं. छपराच्या बांबूंना घुण, लाकूड पोखरणारा किडा, लागला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीकडच्या एका शेतकरी कुटुंबाने आपलं जुनं घर संग्रहालयासाठी दिलं होतं. मी त्या कामावरचा ज्युनिअर इंजिनिअर. घर काय देखणं! सागाच्या मयाली, म्हणजे छपराचा भार घेणारी आडवी लाकडं, एकही खिळा न ठोकता बसवलेल्या. वर बांबूच्या कामट्या आणि कवेलू, म्हणजे कौलं. चार पिढ्यांत एक सांधा हलला नव्हता.

"पंधरा दिवसांत छप्पर उतरवा, टीन टाका," साहेब म्हणाले.

टीनखाली ते घर गोदाम दिसलं असतं.

घर देणाऱ्या सुभद्राबाई मागेच राहायच्या. ऐकल्याबरोबर आल्या.

"साहेब, चूल काऊन बंद केली जी?"

"म्युझियममध्ये आग चालत नाही, बाई," साहेब म्हणाले.

"मंग किडा लागनच ना! घराले धूर पाह्यजे. मी सून म्हणून आली तवापासून चूल एक दिवस बंद नाई राह्यली. आन् तुमी तं काजळीबी धुऊन काढली."

खरं होतं. संग्रहालय चकचकीत हवं म्हणून मीच उभा राहून सगळं लाकूड सोड्याच्या पाण्याने घासून घेतलं होतं.

बाईंनी मला माळ्यावर चढायला लावलं. एका कोपऱ्यात मजुरांचा हात पोचला नव्हता. तिथल्या कामट्या काळ्याकुट्ट, आणि एकही भोक नाही. मला लाज वाटली, आणि बाईंचं मनापासून कौतुकही.

साहेबांना तो कोपरा दाखवला. चूल पेटवून पाहायला दोन महिने मागितले.

"म्युझियममध्ये चूल? फाईलवर काय लिहू?"

"फ्युमिगेशन लिहा, साहेब. धुरीच ती."

ते चक्क हसले. "दोन बादल्या पाणी आणि एक माणूस कायम चुलीशेजारी. भुकटी पडली की टीन."

पोखरलेल्या कामट्या आम्ही बदलल्या. सुभद्राबाई रोज सकाळी चूल पेटवू लागल्या. वर धानाचा कोंडा, कडुलिंबाचा पाला. पाहुणे डोळे चोळत फिरायचे. कुणी कुरकुरलं की बाई म्हणायच्या, "तुमी घडीभर खोकाल जी, घर शंभर वर्सं राहीन."

दोन महिन्यांनी तपासणी झाली. नवी भुकटी कुठेच नव्हती. टीनचा प्रस्ताव रद्द झाला.

मयालीवर किती भार येतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. तिच्याखाली रोज कोण स्वयंपाक करतं, हे आधी विचारायचं असतं, ते सुभद्राबाईंकडून शिकलो.